पोचे

सोमवारी सकाळी, ट्रेमेच्या एका गल्लीत
अल्सीद रोशॉन दुकानाची फळी काढतो
तर पायरीवर आधीच बसलेला
एक पितळी अजगर, वेटोळं घालून,
आणि त्या वेटोळ्यात खांद्यापर्यंत शिरलेला क्लोव्हिस.

सुझाफोन बाकावर ठेवत तो एवढंच म्हणतो,
"रविवारपर्यंत."
अल्सीद विचारत नाही कशासाठी.
न्यू ऑर्लिन्समधला रविवार:
कुणीतरी गेलेलं असतं, कुणाचं तरी वर्ष असतं,
किंवा काहीच नसतं आणि तरी मिरवणूक निघते.

तो डोळे मिटून बोटांनी पोचे चाचपतो.
हा कार्निव्हलमधला, पोलिसाचा घोडा बिथरला त्या दिवशीचा.
हा पुराचा.
त्यावर दोघंही काही बोलत नाहीत.
दुकानाच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीला रेघ आहे अजून;
अल्सीदनं ती रंगवली नाही,
तिच्यावर खिळे ठोकून हातोड्या टांगल्या.

टिक्. टिक्. जरा थांबून, टिक्.
रॅम्पार्ट स्ट्रीटवरून ट्राम घंटी वाजवत जाते.
शेजारून राजम्याचा वास.
पूर्वी सोमवार धुण्याचा वार होता,
बाया कपडे उकळत बसायच्या
आणि कालच्या हॅमचं हाड पोटात घेऊन
राजमा आपला आपण शिजायचा.
आता धुणं मशीन धुतं.
राजम्यानं वार सोडलेला नाही.

"आणि हा?"
कर्ण्याच्या काठाशी, अंड्याएवढा.
"त्याला हात लावायचा नाही."

मग न विचारता सांगत सुटतो:
पंधरा वर्षांचा होतो. स्वयंपाकघरात सराव.
आई गंबोसाठी रू परतत होती.
पीठ आणि तेल, पाऊण तास, नजर हटवायची नाही,
जुन्या तांब्याच्या नाण्याचा रंग येईस्तोवर.
तेवढ्यात मला पहिल्यांदाच सापडला
तो सगळ्यात खालचा सूर.
कपाटातल्या बश्या किणकिणल्या.
आई वळली, आणि नाचली,
हातात लोखंडी डाव, पायात रबरी चपला.
रू करपलं.
तोच डाव भिरभिरत आला.

"पण आधी नाचली," क्लोव्हिस म्हणतो.
"डाव नंतर."

रविवारी ओकच्या फांद्यांत
गेल्या कितीतरी वर्षांच्या मण्यांच्या माळा,
लोखंडी बाल्कन्यांतल्या नेच्यांचं पाणी
खालच्या छत्र्यांवर टपटपतंय,
कुणी कागदी पेल्यांत गंबो वाटतंय, भात वर.
एका निळ्या दारासमोर बँड थांबतो.
दार बंद.
क्लोव्हिस गाल फुगवतो.

गर्दीच्या शेपटाशी उभ्या अल्सीदला
ऐकू येतो तो सूर:
खोल, गोल, आणि तळाशी
जरासा करपलेला.

कान म्हणतो, दुरुस्त करायला हवं होतं.
पाय केव्हाच पुढे गेलेत.