रविवारी बंद

'खरा ग्राहक' असं सरांनी फळ्यावर लिहिलं
आणि 'खरा'खाली दोन रेघा ओढल्या.
तोवर आम्ही नसलेल्यांचीच कामं केली होती :
नसलेली बेकरी, नसलेलं हॉटेल,
नसलेल्या माणसांनी दिलेले पाच-पाच तारे.

आमच्या वाट्याला डॉलिना आल्या.
स्टॉर्नोवेहून चाळीस मिनिटं बस,
पुढे मेंढ्यांनी अडवलेला रस्ता,
मग पत्र्याची शेड, आणि आत माग.
फिनलेचे मामा त्याच गावचे, म्हणून त्याला पुढे घातलं.
डॉलिनांनी गेलिकमधून काहीतरी विचारलं,
तो कानापर्यंत लाल झाला
आणि इंग्रजीत म्हणाला, हो.
प्रश्न 'चहा की कॉफी?' असा होता.

मी प्रश्नावली काढली.
"तुमचा युजर कोण?"
"कोण?"
"म्हणजे, तुमच्याकडे येणारं माणूस."
"जो दार वाजवतो तो."
वही मिटली.

अगाताने लॅपटॉपवर करडा रंग दाखवला.
डॉलिनांनी कापडाचा तुकडा खिडकीशी नेला,
एक धागा नखाने उकलला :
निळा, काळा, ओल्या वाळूचा,
आणि अगदी आत, लाजल्यासारखा,
दगडफुलाचा तांबूस.
"यातला कुठला करडा?"
आमच्याकडे त्याला सहा अक्षरी सांकेतिक नाव होतं.
पडद्यावर बरोबर, खिडकीपाशी चूक.

ग्रिड मला दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं.
कळलं तिथे.
हजारावर उभे धागे आधी जोडायचे,
एकेक, हातांनी, मान मोडेस्तोवर,
तेव्हा कुठे धोट्याची पहिली फेरी.
एक गाठ चुकली
की तीच चूक वार वार पुढे येत राहते,
कुणी अडवत नाही तिला.
पायाखालच्या पावड्या सायकलसारख्या फिरत होत्या.
एवढं पायडल मारून
त्या त्याच खिडकीपाशी होत्या, चाळीस वर्षं.

सहाव्या आठवड्यात त्यांनी साइट पाहिली.
चष्मा लावून, मग काढून, मग पुन्हा लावून.
"छान आहे. फक्त रविवारी बंद ठेवा."

अगाता म्हणाली, "साइट बंद नसते. ते काही दुकान नाही."
"मग काय आहे?"

वारा पत्रा वाजवत राहिला.
आमच्यात कुणाला उत्तर येत नव्हतं,
आणि तिघांचंही हे तिसरं वर्ष होतं.

सर म्हणाले, चोवीस तास, सातही दिवस,
ही तर पहिल्या धड्याची पहिली ओळ.
गुणपत्रकात झोपेचा रकाना नव्हता.

रात्री मी कोड लिहायला बसले आणि अडकले.
इथे रविवार उजाडतो
तेव्हा ओसाकात तो अर्धा सरलेला असतो,
व्हँकुव्हरला शनिवारची संध्याकाळ.
कापड तर तिकडेच जातं बहुतेक.
सकाळी फोन केला :
"नक्की कुणाचा रविवार धरू?"
मागाचा आवाज थांबला.
"माझा," डॉलिना म्हणाल्या.

अकरा ओळींत काम झालं.

गुण मिळाले चौसष्ट.
ग्राहकाशी संवाद : उत्तम. उपलब्धता : असमाधानकारक.

आता मी ग्लासगोत
कधीही न झोपणाऱ्या एका दुकानाची राखण करते.
काही कोसळलं की उशाशी फोन गुरगुरतो,
आणि कोसळतं ते रविवारीच.
आजही पहाटे चारला.
ते निस्तरून, चहा ठेवून, उगीचच
मी डॉलिनांचं पान उघडलं.

करडा पडदा. (खिडकीपाशी नेऊन पाहिला, अजून चूकच.)
मधोमध माझी ओळ :
आज माग थांबलाय. सोमवारी या.

आणि तळाशी, इतक्या बारीक अक्षरांत
की इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटलेलं,
अगाताने, त्या वाद घालणाऱ्या अगाताने,
कधीतरी गुपचूप टाकून ठेवलेलं :
दार वाजवू नका.