बेशो धक्क्यावरून, चौकशीच्या उत्तरादाखल

आधी एक: किरिबाटी नव्हे, किरिबास.
आमच्या लिहिण्यात ट आणि इ शेजारी आले
की बोलताना त्यांचा स होतो.
तिकिटावर छापलंय ते छापलंय. धक्क्यावर नीट म्हणा,
हमाल हसतात.

तमानाला जायचंय म्हणता.
तारीख विचारलीत.
तारीख नाही, बोट आहे.
ती आधी तांदळाची पोती पोटात घेईल,
मग डिझेलची पिंपं, शाळेची बाकं,
दोन डुकरं, असलीच तर एखादी शवपेटी,
आणि उरल्या जागेत माणसं.
मागल्या खेपेला मंगळवारी सुटणार होती.
मंगळवारीच सुटली,
त्या मंगळवारी नव्हे इतकंच.

विमान? आहे ना.
त्याचा एक नट फिजीहून यायचाय.

चटई घ्या. तंबाखू घ्या, ओढत नसलात तरी.
उतरल्यावर आधी बेटाच्या थोरल्यांच्या जागी जायचं,
तंबाखू ठेवायची, ओली वाळू गालांना लावायची.
मग बेटाला तुमची ओळख पटते.
मी शिकलेला माणूस आहे, तरी सांगतोय.

तमानाला शांत पाणी नाही, बंदर नाही.
बोट प्रवाळाबाहेर डुलत राहते,
तिथून होडीत उडी टाकायची, लाट वर आली की.
केव्हा, ते बाउरो ओरडेल.
त्याचं ऐका. खाली बघू नका.

परतीचंही विचारलंत.
खोबरं भरलं की बोट वळते.
खोबऱ्याला घाई नसते.

आता, जाणारच असाल तर एक काम.
विहिरीपलीकडे तिसरं घर, नेई कारोतू, माझी आई.
तिचा चष्मा माझ्या खणात पडून आहे.
नंबर मीच काढला, तिच्या पत्रांवरून:
ओळ किती खाली उतरते,
शब्द शब्दावर किती चढतो.
शेवटच्या पत्रात माझं नाव
पाकिटाबाहेर, टेबलावर गेलं असावं,
अर्धंच पोचलं.

चौघांकडे देऊन पाहिला.
एक मायआनालाच उतरला, लग्नाला.
एकाने तीन महिन्यांनी परत आणून दिला,
काचा पुसून.

मी का जात नाही, विचाराल.
यादी कोण लिहील?
अकरा वर्षं हेच म्हणतोय,
आणि ते खोटंही नाही.

तुमचं नाव पेन्सिलीने टाकतोय.
वजन कळवा.
चष्मा धरून.