सोळा पानं

चौबाऱ्यापाशी माझं दुकान होतं, आठ बाय सहा.
दाभण, सरस, मैद्याची खळ,
खळीत चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून.
वाचनालयाची पुस्तकं पोत्यात यायची, सायकलीवर,
कणे मोडलेली.
मी त्यांना वजनानं ओळखायचो,
वासानं, जुन्या शिवणीच्या भोकांवरून.
अक्षरानं नाही.
चौथीपर्यंत उर्दू शाळा.
मराठी माझ्या तोंडात आहे, डोळ्यांत कधी आलीच नाही.

कारकून सोनटक्के संध्याकाळी यायचे,
चपला बाहेर काढायचे, देवळात शिरल्यासारखे.
मी शिवायचो, ते वाचायचे.
एका पुस्तकात एक बाई होती,
तिन्हीसांजेला नदीवर आलेली, हातात पितळी डबा.
नावाडी म्हणतो,
'बस. पण आधी एक ऐक—'
आणि पान एकशे बारा संपलं.
पुढचं पान एकशे एकोणतीस.

अख्खा फर्मा गायब.
छापखान्यातच गळाला की कुणी उसवून नेला,
शिवणीत दोऱ्याचा तुकडासुद्धा नव्हता.
आणि एकशे एकोणतीसवर ती बाई भलत्याच गावात,
केस पिकलेले,
डबा रिकामा, फळीवर पालथा.

सोनटक्के म्हणाले, तो नावाडी तिचा भाऊ असणार.
मी म्हटलं, छे, त्यानं तिला बुडवायलाच नेलं होतं,
पण हात उचलला नाही.
पैज लागली, एक प्लेट भजी.
मी त्या जागी सोळा कोरी पानं शिवली.
त्यांचे पैसे लावले नाहीत.
पैजेचा निकाल लागायच्या आत
सोनटक्के दम्यानं गेले, थंडीत.
मग दुकानही गेलं, तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा लातूरहून नात आली, तहसीन, नर्सिंगला आहे.
माझ्या डोळ्यांत थेंब टाकले, काचबिंदूचे,
आणि उशाशी फोन ठेवला.
'नाना, जुनी पुस्तकं आहेत यात. ऐका.'
कितीला?
'फुकट. लिहिणारा जाऊन साठ वर्षं झाली
की पुस्तकावर कुणाचा हक्क राहत नाही.'
आणि ही वाचतेय ती?
'ती पण फुकटच. घरी बसून वाचते, कुणासाठीही.'
मी चाळीस वर्षं पुस्तकाचे पैसे घेतले,
तेही फक्त बाहेरच्या बाजूचे.
गप्प बसलो.

बाईचा आवाज साधा. थोडी सर्दी झालेली.
मागं कुकरची शिट्टी, एकदा कुणीतरी दार वाजवलं,
ती वाचतच राहिली.
मध्येच पान उलटल्याचा आवाज यायचा.
तो मात्र मला वाचता येतो.

तिसऱ्या रात्री नदी आली.
तिन्हीसांज. पितळी डबा.
माझा अंगठा आपोआप बोटाला लागला,
दाभण धरल्यासारखा.
'बस. पण आधी एक ऐक—'
पान उलटलं.
'—मला पोहता येत नाही.'

एवढंच.
पुढं नुसतं पाणी. वल्ह्याचा आवाज.
तो गाव विचारतो, ती सांगत नाही.
मग मध्यावर त्याला भूक लागते,
ती डबा उघडते,
दोघं ज्वारीची भाकरी खातात, वर मिरचीचा ठेचा,
त्याला ठसका लागतो, नाव हलते, ती हसते,
काठ येतो.
भाऊ नाही. खून नाही.
डबा का रिकामा होता तेवढं कळलं.

'झोपलात का, नाना?'
नाही गं.
वाचनालयात ते पुस्तक असेल अजून,
मोरचूद होतं खळीत, कसर लागणार नाही.
कुणीतरी कोऱ्या पानांवर हिशेब लिहिले असतील,
किंवा नसतीलही.

उद्या भजी आण, दोन प्लेट.
'दोन कशाला?'
आण म्हटलं ना.
आणि हे जरा मागं घे,
तो भाकरी मागतो तिथून.