वाकडा ळ

परटवण्याच्या उतारावर माझं दुकान.
पाटी गंजलेली, तरी येणारे येतात,
कारण गुरुवारी पाचच्या आत
उपकेंद्रात पाच प्रती द्यायच्या असतात
आणि काळं रेक्झिन शेवटी माझ्याकडेच उरलेलं असतं.

आज चार आलेत.

पहिला जाड. आडिवऱ्याची प्रमिला तोडणकर.
सात वर्षं खारव्यांच्या ओट्यांवर बसून
म्हाताऱ्यांकडे शब्द मागत होती.
पाणी ओसरतं त्याला काय म्हणता,
ओसरून थबकतं त्याला काय,
आणि ज्या पाण्यातून माणूस परतत नाही
त्या पाण्याला?
या शेवटच्याला कुणी शब्द दिला नाही, म्हणे.
त्याचं तिनं वेगळं प्रकरण केलंय,
अकरा पानांचं.

दुसरा इतका बारीक
की कण्यावर नाव मावेना.
गणित. राजीवड्याचा नौशाद मुकादम.
गाठींवर आहे, म्हणाला,
पण टोकं नसलेल्या दोरीच्या.
टोकंच नाहीत तर बांधली कशी रे?
तेच तर, काका, म्हणून हसला.
त्याचा बाप मिरकरवाड्यात जाळी विणतो.
बापानं आकृत्या पाहिल्या, एकीवर बोट ठेवलं,
ही सुटते, म्हणाला, आणि जेवायला बसला.
पोराला ते सिद्ध करायला दीड वर्ष लागलं.

तिसऱ्याच्या पानांना वास आहे.
कौमुदी सागवेकर, रसायनशास्त्र,
काजूच्या टरफलातलं तेल.
त्याच तेलानं कारखान्यात माझ्या आईची बोटं सोलली,
भात कालवताना ती डावा हात वापरायची
आणि आम्ही पोरं हसायचो.
कौमुदीनं त्या तेलाचा चिकट रस केलाय,
दमट हवेतही धरून ठेवणारा.
एक बाटली मला देऊन गेली:
तुमच्या खळीत घालून बघा.
इथं खाऱ्या वाऱ्यात खळ दोन दोन दिवस वाळत नाही,
मला तर हवाच होता.
बाटली फळीवर ठेवलीय.
अजून उघडली नाही. उघडेन.

चौथा गुन्हेशास्त्राचा, विश्राम भाटकरचा:
ज्यांची फिर्याद होत नाही अशा चोऱ्या.
चौकीत जायचं सोडून माणसं ग्रामदेवतेपुढं उभी राहतात,
गाऱ्हाणं घालतात, नारळ ठेवतात, घरी जातात.
पोरगा गुरवांच्या शेजारी बसून मोजत राहिला.
तीनशे बारा.

पानं जुळवताना एकशे त्रेचाळीसवर हात अडला.
'माहितीदार २७. व्यवसाय पुस्तकबांधणी.
पितळी खिळ्यांची पेटी चोरीस गेली. चोर माहीत होता.
फिर्याद का दिली नाही, यावर बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, त्या घरात दिवा माझी बहीण लावते.'

असं बोललो होतो मी?
छापल्यावर वाक्य माझ्यापेक्षा शहाणं दिसतंय.

पेटी वर्षानं पायरीवर सापडली.
सगळी अक्षरं होती, फक्त ळ नव्हता.
पितळेच्या तुकड्यावर कानस चालवून मी नवा केला,
जरा डावीकडे कलतो.
प्रमिलाच्या शीर्षकात वेळ आहे, विश्रामच्या नारळ,
दोघांना तोच लागला.
नौशादला एकही नको होता,
त्याचं सगळं आकड्यांत आणि वळशांत.

शिकंज्यात चारी एकावर एक ठेवले.
वर जांभ्याचा चिरा.
रात्री दोनदा उठून मळसूत्र आवळलं,
कानाशी आणलं तर आतून कागद बारीक कुरकुरत होता,
कुणाचा ते कळेना.

सकाळी विश्राम आला. पैसे मोजून दिले.
मी सहज विचारल्यासारखं विचारलं,
सत्ताविसावा कोण रे?
तो माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला,
नावं सांगता येत नाहीत, काका. नियम आहे.

बरोबर, म्हटलं,
आणि प्रत त्याच्या हातात देण्याआधी
नारळातल्या ळवरून
अंगठा फिरवला.