नख अडतं का

बोरीच्या थांब्यावर चढलेल्या कुणीतरी दिलं असणार,
झरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.
दोनचं, जुनं, अकरा कडांचं,
आणि सिंहांच्या डोक्यावर
मोहरीएवढा ठिपका.

लिंबाजी ड्रायव्हर म्हणाला, ठेवून द्या मॅडम,
असली लाखात जातात.
त्याच्या साडूच्या मोबाइलवर एक माणूस रोज सांगतो
की टांकसाळ चुकली की गरिबाची लॉटरी.
घरी पोरगा म्हणाला, ठिपका म्हणजे नोएडा.
हिशेब भरताना मी पदरचे दोन रुपये टाकले होते
आणि नाणं रुमालाच्या गाठीत.

सुट्टीच्या दिवशी परभणीत
मुजीबोद्दीन घड्याळवाल्यांकडे गेले.
आता घड्याळं कोण दुरुस्त करून घेतं,
ते सेल बदलतात, पट्ट्याला भोकं पाडतात,
आणि आजोबाचा हाली सिक्का घेऊन कुणी आलंच
तर "नकली है" एवढंच सांगतात, हळू,
डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तसं.

भिंग डोळ्यात अडकवलं,
पण आधी बघितलं नाही.
काचेवर नाणं टाकून आवाज ऐकला.
मग चुंबक लावलं. चिकटलं नाही.
"बरोबर. ह्यानं चिकटायचंच नाही."
मग शेजारच्या सोनाराकडून काटा मागवला.
"पुरे सहा ग्रॅम. म्हणजे गेलं काहीच नाही, मॅडम.
धातू फक्त सरकला."

मग म्हणाले, नख फिरवा.
फिरवलं.
"चढतं का अडतं?"
अडत होतं.

"टांकसाळीचा ठिपका वर येतो.
साचा तडकला तरी नाण्यावर रेघ उभी राहते,
तिथला खड्डा, इथं टेकाड.
खोल गेलेलं असतं ते बहुतेक नंतरचं.
बाहेरचं. आपल्यातल्याच कुणाचं."

नाणं उलटं केलं. नकाशाच्या वर
फुगवटा होता, घामोळ्यासारखा.
मला तो दिसलाच नव्हता इतके दिवस.
"टांकसाळीत खालून दुसरा साचा असतो,
असं फुगूच देत नाही.
ह्याच्या खाली लाकूड होतं. पाट असेल,
नाहीतर दाराचा उंबरा.
खिळा धरला, हातोडी मारली.
लेकराच्या गळ्यात घालायचं असेल, दुसरं काय."
पुन्हा वाकून बघितलं.
"एकच घाव आहे. दुसरा नाही."

मी विचारलं, का थांबले असतील?
त्यांनी भिंग काढलं.
डोळ्याभोवती गोल वळ उठला होता,
तो चोळत बसले जरा वेळ.
"ते भिंगात दिसत नाही."

किंमत विचारायला मला लाज वाटली,
तरी विचारली.
"दोन रुपये," म्हणाले, "पण चालतील."
काट्याचे, भिंगाचे काही घेतले नाहीत.
मीच एक सेल विकत घेतला,
कशात घालायचा ते अजून ठरलेलं नाही.

सोमवारी जिंतूरच्या फेरीला सुट्टे संपले.
फोनवरून पैसे देणारे वाढले
तशी माझी बॅग हलकी झालीय,
आणि एका म्हाताऱ्याचे नेमके दोनच राहिले.
गाठ सोडली, दिलं.

त्यानं बघितलं नाही. अंगठा फिरवला,
अंगठा एका जागी थांबला,
आणि मग नाणं सदऱ्याच्या वरच्या खिशात न टाकता
दोन गुंड्या काढून
आतल्या बंडीत ठेवलं.
बोरीला उतरला. मागं वळला नाही.

लिंबाजी आरशातून म्हणाला, गेलं तुमचं लाख.
मी डबल बेल मारली.
आता हातात येईल त्या नाण्यावर नख फिरतं आपोआप,
गाडी खड्ड्यातून जात असली तरी.
सपाट. सपाट. कधी नुसता मळ.
सुट्टे काढून ठेवा, म्हणते मी,
पुढच्यांनी सुट्टे काढून ठेवा.