केमी, पहाटे चार

"शेवटचं नीट कधी बोलला?"
"पावणेदोनला," हिल्क्का म्हणते,
"कुत्र्याला शिव्या दिल्या."
म्हणजे सव्वादोन तास उरलेत.

इकोच्या पडद्यावर
हृदयाच्या टोकाशी एक गुठळी
डुलतेय, शेवाळासारखी.
मेंदूतली विरघळवणारं औषध
हिलाही सैल करेल.
तुकडा सुटला तर कुठे जाईल
ठाऊक नाही.
तसंच सांगते.

हिल्क्का बुटांकडे बघत राहते.
"मे महिन्यात आमची तोर्नियो फुटते,
वरचा बर्फ पुलावर आदळतो.
म्हणून काय
हिवाळाच ठेवून घ्यायचा?"

मी औषध सोडते.
ताइस्तोचा डावा डोळा माझ्यावर.

सहाला त्याचा अंगठा हलतो,
की चादर सरकली?
"हलला," हिल्क्का म्हणते.
मी अजून लिहीत नाही.