पारंब्यांची मोजणी

दांडिया बाजारामागं, जिथं रिक्षावाला
"हवे आगळ नहीं जाय, बेन" म्हणत वळतो,
तिथं पारंब्यांची एकच आळी.
लोक म्हणतात, ही माणसं मरत नाहीत.
मला काय. शाळा सुटली की खानेसुमारी,
मला रकाने भरायचेत.

कुटुंबप्रमुख?
"लिहा, चि. गुणाकरराव."
त्यांचे वडील? "चि." त्यांचे? "तेही चि.च."
वय?
फॉर्मात वयाला चौकोन तीनच.
गुणाकरराव जरा ओशाळले.
"नऊशे नव्व्याण्णव घाला. वरचं द्या सोडून,
आम्ही कुठं पेन्शन मागतोय."

चहा येईतो कागदाच्या पाठीवर मी हिशोब मांडला,
गणिताची बाई मी, राहवत नाही:
जोडप्याला शतकात एक लेकरू धरलं, एकच,
आणि मरण शून्य,
तर आळी केव्हाच उतू जायला हवी होती,
मग रावपुरा, मग मांडवी, चारही दरवाजांबाहेर,
विश्वामित्रीच्या मगरींना अंग टाकायला काठ उरला नसता,
आजव्याच्या तळ्यात माणसं पाळीपाळीनं उभी,
पावागडावर पायरीला एक बिऱ्हाड.

आणि इथं अकरा जण.
मागच्या खेपेलाही अकरा.
त्याच्या मागच्या वहीत, बोरूच्या अक्षरात, अकरा.

"असं कसं?"
त्यांनी वर बोट दाखवलं.
आढ्याला पाळण्याच्या कड्या, कड्यांत कांद्याची जुडी.
"तुमच्यात मूल झालं की कुणीतरी म्हणतंच ना,
आजोबा परत आले?
आमचे आजोबा आत पेपर वाचताहेत.
येणार कोण?
नावंसुद्धा मोकळी नाहीत, बाई. सगळी वापरात."

"खोटं," स्वयंपाकघरातून आवाज आला,
"उद्या बघू, उद्या बघू म्हणत
तीनशे वर्षं घालवली ह्यांनी."
मग भांडं आपटल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही.

धाकटी कुवलया, एकशे साठ पूर्ण, फ्रॉकला हात पुसत
माझ्या भांगाकडं बघत राहिली.
"हा पांढरा कधी आला?"
गेल्या दिवाळीत.
"दुखलं?"

निघाले तशी कोपऱ्यावरच्या वडापर्यंत आली.
एक पारंबी जमिनीपासून वीतभर वर थांबलेली,
तिला धरून, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली,
"मला तुमच्यात मोजा ना."

मी दहा लिहिलं. खोडलं. अकरा केलं.
रिक्षात बसल्यावर पुन्हा खोडलं,
कागद तिथं आता पातळ झालाय.

रात्री माझ्या स्वतःच्या घराचा फॉर्म.
एकूण सदस्य: एक.
त्याचा पेन्सिलीनं दोन केला,
पांढरा केस उपटून उगाच दिव्याखाली धरला.

शाई अजून फिरवलेली नाही.
कागद शुक्रवारपर्यंत द्यायचेत.